सुट्या ठोकळ्यांची संरक्षक भिंत (निवासी)

उतारावरच्या घराचे आवार सपाट करताना चढ कापावा लागतो. त्या कापलेल्या मातीला धरून ठेवते ती संरक्षक भिंत. काँक्रीटचे साच्यातले ठोकळे सिमेंटचा सांधा न भरता एकावर एक रचून ती बांधण्याची पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पसरली आणि तेथील घरगुती आवारांत आता ती सर्रास दिसते. कोकणातला जांभ्याचा कोरडा गडगा पाहिलेल्यास कल्पना ओळखीची वाटेल. मात्र या ठोकळ्यांच्या मागच्या कडेला ओठ असतो किंवा खाचांत पिना बसवतात. त्यामुळे प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा ठरावीक अंतर मागे सरकतो व भिंत मातीच्या बाजूला किंचित कलती राहते.

अभिकल्पाचा पाया मातीच्या रेट्याचे गणित हा आहे. ते कूलॉम यांनी १७७६ मध्ये आणि रँकिन यांनी १८५७ मध्ये मांडले. साध्या मुरमाड, कोरड्या मातीचा १.२ मीटर उंच भिंतीवरचा रेटा लांबीच्या दर मीटरला सुमारे ४४० किलो भरतो. उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट. ‘अजून दोन थर चढवू’ असे गवंडी सहज म्हणतो, त्याची खरी किंमत ही.

पाण्याने गणित आणखी बिघडते. त्याच १.२ मीटर भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साचले, तर माती आणि पाणी मिळून रेटा साडेनऊशे किलोच्या आसपास, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. म्हणून ठोकळ्यांच्या पाठीशी सुमारे ३०० मिलिमीटर रुंदीचा स्वच्छ खडीचा पट्टा भरतात, तळाला भोके पाडलेला नळ टाकून त्याचे तोंड बाहेर मोकळे ठेवतात आणि खडीत माती शिरू नये म्हणून मध्ये गाळणीचे कापड लावतात. छपराचे पन्हळ भिंतीमागे सोडणे हा घरमालकांचा नेहमीचा दोष. एवढी सगळी व्यवस्था तो एका पावसाळ्यात निकामी करू शकतो. देशावरची काळी माती तर मागे भरूच नये. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते.

सुमारे एक मीटरपर्यंत, वर भार नसेल व जमीन चांगली असेल तर, ठोकळ्यांचे वजन बहुधा पुरते. त्यापुढे थरांच्या मधून मागच्या मातीत पॉलिमरची जाळी (जिओग्रिड) अंथरतात. जाळी आणि तिच्यात जखडलेली माती मिळून एक जड ठोकळा बनतो. खरी भिंत तो, दर्शनी ठोकळे ही त्याची कातडी. फ्रेंच अभियंते आंरी व्हिदाल यांनी १९६० च्या दशकात धातूच्या पट्ट्या वापरून हे तत्त्व रूढ केले. आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या चढणीवरील ‘आरई वॉल’ त्याच जातीची. जाळीची लांबी भिंतीच्या उंचीच्या किमान ६० टक्के धरतात. अरुंद प्लॉटवर हीच अडचण ठरते: जाळी शेजाऱ्याच्या हद्दीत नेता येत नाही, आणि पुढे नळासाठी किंवा झाडाच्या खड्ड्यासाठी ती कापली की भिंतीचा आधारच तुटतो.

पायासाठी चर खणून सुमारे १५० मिलिमीटर खडी घट्ट दाबतात आणि पहिला थर जमिनीखाली गाडतात. त्याची पातळी तंतोतंत साधावी, कारण तिथला फरक वर जाताना वाढत जातो. भराव सुमारे २०० मिलिमीटरच्या थरांत दाबावा. मात्र ठोकळ्यांपासून एक मीटरच्या आत हाताने चालवायचे हलके यंत्रच वापरावे. जड रोलर ठोकळे बाहेर ढकलतो. पायऱ्यांसारख्या दोन भिंती असतील आणि त्यांतील अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुपटीहून कमी असेल, तर वरची भिंत खालच्या भिंतीवरचा भार समजून हिशेब करतात.

सीमाभिंत आणि संरक्षक भिंत यांत गल्लत करू नये. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढव्यात मुसळधार पावसात एका सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण दगावले. ती या प्रकारची नव्हती, पण वरच्या पातळीवरील आवाराच्या कडेला भिंत कशासाठी असते, हे त्या घटनेने दाखवले.

अमेरिकेच्या नमुना बांधकाम संहितेत पायाच्या तळापासून ४ फुटांपर्यंतच्या भिंतीला परवाना लागत नाही. वर जादा भार येणार असेल तर ही सूट नाही. भारतात डोंगराळ भागातील अशा भिंतींसाठी आयएस १४४५८ आणि जाळीने बळकट केलेल्या मातीच्या भिंतींसाठी आयआरसी एसपी १०२ ही मार्गदर्शके आहेत. भिंतीवर गाडी उभी राहणार असेल किंवा उंची मीटरभराहून अधिक असेल, तर भूतंत्र अभियंत्याच्या सहीचा आराखडा घेतल्याखेरीज काम सुरू करू नये.