मराठी युद्धकथा आणि शिपायाचे मन

मराठी कादंबरीत लढाया उदंड आहेत; लढणाऱ्याचे मन मात्र त्या मानाने विरळ. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’पासून गड, वेढे आणि छापे वाचकांच्या अंगवळणी पडले. त्या धामधुमीत साधा पाईक तलवार उपसतो, पडतो आणि पान उलटले जाते. बेळगाव-निपाणीकडील आम्हां शिक्षकांस ही उणीव अधिक बोचते. कारण शाळेच्या पटावर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘पलटणीत’ असे लिहिलेली मुले आमच्यापुढे बसत आली आहेत.

1922 च्या पुनर्रचनेत निरनिराळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटात गोवल्या गेल्या व तिचे शिक्षणकेंद्र बेळगावी आले. त्यांपैकी 103, 110 आणि 117 या जुन्या क्रमांकांच्या तीन पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या होत्या. 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तो वेढा चालला. धान्य आटले तेव्हा घोडे कापण्यात आले. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले; हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी अनेक आठवडे त्याला हात लावला नाही. सेनापती टाउनशेंड याने हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुज्ञा मागविल्या, तरीही पुष्कळांचे मन धजेना. अनुज्ञा देणारे दूर होते; गावकी मात्र परत गेल्यावर रोजच भेटणार होती. जातीबाहेर पडलो तर पोरीबाळींची लग्ने कशी होतील, ही धास्ती पोटातल्या आगीवर मात करीत होती. शरणागतीनंतर कित्येक हिंदी कैदी रास-अल-ऐन येथे लोहमार्गाच्या कामास जुंपले गेले. भूक, भय, गावकी आणि कैद यांचे एवढे ओझे एका माणसाच्या खांद्यावर! याहून मोठे कथाबीज कोणते हवे?

परंतु ते मराठीत रुजले नाही. याच वेढ्यात सापडलेल्या शिशिर सर्वाधिकारी या बंगाली रुग्णसेवकाने रोजनिशीची पाने बुटात दडवून सांभाळली आणि सुमारे चाळीस वर्षांनी त्यांतून ‘अभी ले बगदाद’ हे पुस्तक सिद्ध केले. जर्मन भाषेत रेमार्कची प्रसिद्ध कादंबरी 1929 साली आली. हिंदीत तर चंद्रधर शर्मा गुलेरींनी युद्ध चालू असतानाच, 1915 मध्ये, ‘उसने कहा था’ ही कथा लिहिली. तिच्यातील लहनासिंग मरतो तो एका स्त्रीस दिलेल्या वचनापायी. साम्राज्याची त्याला फारशी फिकीर नाही.

आमच्याकडे 1939 साली विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ निघाले. पण ते रणांगण बोटीवरचे आणि दोन जिवांचे. (नाव पाहून लढाईच्या आशेने पुस्तक उघडणारे विद्यार्थी अजून भेटतात.) योद्ध्याच्या मनाचा भार मराठी लेखकाने पेलला तो दूरच्या काळात जाऊन. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचा ‘मृत्युंजय’ 1967 मधला. समोरचे शत्रू आपले सख्खे भाऊ आहेत हे कर्णाला ठाऊक आहे, चौघांना न मारण्याचे वचन त्याने आईला दिले आहे, आणि तरीही मित्रासाठी बाण सोडायचा आहे. आमच्या मते शिपायाच्या अंतःकरणाच्या इतके जवळ मराठी कादंबरी क्वचितच गेली असेल. पानिपतावरील लेखन मागे राहिलेल्यांच्या अंगाने जाते. 14 जानेवारी 1761 नंतर पार्वतीबाईंनी सदाशिवरावभाऊ गेले असे मानलेच नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला आणि लोकांनी त्याच्यावर विश्वासही ठेवला, तो अशाच न संपणाऱ्या प्रतीक्षेच्या बळावर.

मग जवळचा शिपाई कथेबाहेर का राहिला? आम्हांस कारण साधे वाटते. कादंबरी लिहिणारे घर आणि पलटणीत माणूस धाडणारे घर ही बहुधा निराळी होती. पहिल्या महायुद्धातील बव्हंशी शिपाई निरक्षर. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे, ते तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जायचे आणि गावात तिसऱ्यानेच मोठ्याने वाचायचे. तीन परक्या माणसांसमोर कोण मन उघडणार? पुढची पिढी लिहूवाचू लागली, तेव्हा मनिऑर्डरीच्या कुपनावर चार बोटे जागा तिच्या वाट्यास आली. तीत ‘मी खुशाल आहे, बैलाची काळजी घ्या’ एवढे मावत असे.