पाच चाकं की सहा?

मंडळी, आधी कबुली. गेल्या १६ डिसेंबरला विजय दिवसानिमित्त मी इथेच एक पोस्ट टाकली होती. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यावर. खाली नेटवरून घेतलेला रणगाड्याचा फोटो. लाइक भरपूर आले, 'जय हिंद' भरपूर आले. दुसऱ्या दिवशी शेजारचा नववीतला पोरगा दारात उभा.

"काका, तुमच्या फोटोतला रणगाडा चुकलाय."

"कशावरून?"

"चाकं मोजा. पाच आहेत. खेत्रपालांच्या रणगाड्याला सहा होती."

मोजली. पाचच. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट. म्हणजे तो रशियन टी-५५. खेत्रपाल लढले ते ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियनमधून. पत्रकारितेत वीस वर्षं गेली, डिप्लोमाची फ्रेम भिंतीवर आहे, आणि चूक पकडली नववीतल्या पोराने. कारण तो शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याच रणगाड्याचं मॉडेल करत होता. माझ्यासारखं फोटो डाउनलोड करून त्याला भागणार नव्हतं, एकेक चाक हाताने लावायचं होतं.

त्या दिवसापासून आम्ही दोघं या कामाला लागलो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी माप. दुकानात मिळणारी रणगाड्यांची मॉडेल बहुतेक १:३५ मापाची असतात. ३५ च का? जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं खेळणं काढलं. आत मोटर आणि बॅटरीचे सेल बसले पाहिजेत म्हणून आकार ठरवला. नंतर मोजलं तर ते खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचं भरलं. तेच माप पुढे जगभर रुळलं.

परदेशी किट आमच्या पोराच्या खिशाबाहेरचं. म्हणून सनबोर्ड, आइसक्रीमच्या काड्या, स्वेटरची मोठी बटणं. सेंच्युरियनची रुंदी ३.३९ मीटर, म्हणजे मॉडेल पावणेदहा सेंटिमीटर रुंद. तोफ धरून लांबी सुमारे ९.८ मीटर, म्हणजे २८ सेंटिमीटर. खरं वजन ५० टनांच्या वर. आमचं भरलं पाव किलोच्या आत!

मग तोफ. १९६५ च्या युद्धात आपल्या सेंच्युरियनवर '२० पौंडी' तोफ होती. हे जुनं इंग्रजी माप. नळीचं भोक साधारण ८४ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २.४. पेनाच्या रिकाम्या रिफिलवर काम झालं. पुढे जगात याच रणगाड्यावर १०५ मिलिमीटरची तोफही बसवली गेली. त्यामुळे 'सेंच्युरियन' असं लिहिलेला कुठलाही फोटो बघून नळी करता येत नाही. खूण आहे. नळीवर मध्ये एक जाड नळकांडं दिसतं, बार उडाल्यावर धूर बाहेर टाकण्यासाठी. २० पौंडीवर ते नळीभोवती सगळीकडून सारखं असतं. १०५ वर ते एका बाजूला जास्त फुगलेलं असतं. ही खूण कळल्यावर आमच्या फोल्डरमधले निम्मे फोटो बाद झाले.

चाकांचंही तसंच. सेंच्युरियनच्या चाकांवर बाजूने पोलादी प्लेटा लावतात. त्या चाकांचा वरचा भाग झाकतात. काही फोटोंत त्या आहेत, काहींत काढलेल्या आहेत. म्हणजे प्रत्येक फोटोला विचारायचं: बाबा रे, तू कुठला, कुठल्या सालचा, युद्धातला की परेडचा?

मे महिन्यात एसटीने नगरला गेलो (आता अहिल्यानगर). आर्मर्ड कोअर सेंटरने १९९४ मध्ये उभं केलेलं रणगाडा संग्रहालय तिथे आहे. रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी, आपला विजयंता, पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन. पोरगा प्रत्येकाभोवती फिरून चाकं मोजत होता. पॅटनलाही सहाच चाकं, पण त्याचं अंग ओतीव आणि गोलसर, सेंच्युरियनचं सरळ पत्र्यांचं. फोटोत जे दिसत नाही ते शेजारी उभं राहिलं की लगेच कळतं. पण एक सावधगिरी तिथेही लागते. संग्रहालयातला रणगाडा पुन्हा रंगवलेला असतो. आजचा रंग म्हणजे १९७१ चा रंग नव्हे.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो रणगाडा. नाव 'फामागुस्ता'. सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव. नंबर जेएक्स २०२. रेजिमेंट १७ पूना हॉर्स. १८१७ च्या पुणे तहानुसार, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, उभ्या राहिलेल्या घोडदळाची ही पुढची पिढी. १९६५ मध्ये याच रेजिमेंटचे प्रमुख, मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर सेंच्युरियनमधूनच लढताना पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. सहा वर्षांनी खेत्रपाल. जन्म पुण्याचा. १३ जून १९७१ ला कमिशन, १६ डिसेंबर १९७१ ला शकरगढ भागात बसंतर नदीच्या लढाईत वीरमरण. वय २१. रणगाड्याने पेट घेतला होता, मागे येण्याचा हुकूम झाला होता, तरी ते लढत राहिले. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. शत्रूच्या हाती गेलेला त्यांचा रणगाडा नंतर परत मिळाला आणि जतन केला गेला.

या लढाईची एक साक्ष पलीकडून आली आहे. २००१ मध्ये अरुणचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल पाकिस्तानात गेले होते. ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनीच त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून पडला. समोरच्या पॅटनमध्ये ते होते. यावर मी काय लिहू? वाचल्यावर पोरगाही बराच वेळ गप्प होता.

मॉडेल होत आलं तेव्हा त्याने वरच्या झाकणातून डोकावणारा एकच माणूस बसवला होता. खेत्रपाल. मी विचारलं, "आत किती जण असतात?" आम्ही पुन्हा शोधायला बसलो. सेंच्युरियनला माणसं चार लागतात. कमांडर, तोफ चालवणारा, गोळा भरणारा (वायरलेसही तोच बघतो) आणि चालक. फामागुस्तात खेत्रपाल यांच्याबरोबर होते चालक सवार प्रयाग सिंग, तोफेवर सवार नथू सिंग आणि वायरलेसवर सवार नंद सिंग. नंद सिंगही त्याच दिवशी गेले. माझ्या पोस्टमध्ये या तिघांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

मॉडेलमध्ये ते तिघे दिसत नाहीत, पत्र्याच्या आत आहेत. म्हणून पोराने खालच्या पाटीवर चारही नावं लिहिली. प्रदर्शनात नंबर आला नाही. पाटी मात्र लोक वाकून वाचत होते.

कुणी म्हणेल, चाक पाच असो की सहा, भावना महत्त्वाची. मीही असंच म्हणायचो. आता नाही म्हणत. आपल्या कुलाबा किल्ल्यातल्या गाड्यावरच्या दोन तोफा घ्या. पाहुणे आले की आपण बिनधास्त सांगतो, सरखेल कान्होजींच्या तोफा. ओहोटीला जा आणि त्यावरची अक्षरं वाचा. लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर. तो कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये, कान्होजी गेले १७२९ मध्ये. कान्होजींचा मोठेपणा त्या तोफांवर अवलंबून नाही. पण अक्षरं समोर असून आपण वाचली नाहीत, हे खरं.

आता विनंती. आपल्या जिल्ह्यात फौजेत गेलेल्यांची घरं कमी नाहीत. महाडकडचं फौजी आंबवडे तर नावातच फौज घेऊन बसलंय. तुमच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर १९६२, ६५, ७१ चे फोटो असतील. बाबा, आजोबा ट्रकशेजारी, तोफेशेजारी उभे. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: माणसं कोण, युनिट कुठलं, साल, गाव. सांगणारं माणूस घरात आहे तोवर लिहा. नंतर तो फोटो नुसता 'एक फौजी आणि एक रणगाडा' एवढाच उरतो, आणि माझ्यासारखा कुणीतरी तो भलत्याच पोस्टखाली लावतो.

माझी जुनी पोस्ट काढलेली नाही. फोटो बदललाय, चूक काय होती ते लिहिलंय आणि चारही नावं टाकलीत. येत्या १६ डिसेंबरला चौकात बॅनर लावणाऱ्या मंडळांनी छापायला देण्याआधी एकदा फोन करा. पोरगा चाकं मोजून देईल. फुकट.