चित्रावर पडदा कोणीं ओढावा ?

छापील ज्ञानकोशांत कोणतें चित्र घालावें हें संपादक ठरवितो, आणि छपाई झाली म्हणजे तो वाद बहुधा मिटतो. २००१ सालीं सुरू झालेल्या विकिपीडियाला ही सोय नव्हती. तेथें कोणीही लिहावें, कोणीही चित्र लावावें, आणि तें जगांतील कोणत्याही वाचकासमोर क्षणांत यावें, अशी त्या कोशाची घडणच आहे. शरीरशास्त्रावरील लेखांत नग्न देह असावयाचाच. त्यांत आश्चर्य तें काय? अडचण होती ती निराळीच. चित्रांच्या सामाईक भांडारांत दांतांच्या ब्रशासारख्या निरुपद्रवी वस्तूचें नांव घालून शोध करावा, आणि पुढें उघडेंनागडें दृश्य उभें राहावें, असे प्रकार घडत.

दुसरी अडचण श्रद्धेची. महंमद पैगंबरांवरील इंग्रजी लेखांतून त्यांचीं चित्रें काढून टाकावीं, अशा मागणीच्या अर्जावर २००८ सालीं लाखाहून अधिक सह्या झाल्या. त्यांपैकीं कित्येक चित्रें जुन्या इराणी व तुर्की हस्तलिखितांतील, म्हणजे मुसलमान चित्रकारांनींच काढलेलीं होतीं. इतिहासाचें साधन या नात्यानें संपादकांनीं तीं ठेवलीं. मात्र ज्याला तीं पाहावयाचीं नसतील त्यानें आपल्यापुरतीं तीं कशीं झांकावीं, याची रीतही लिहून ठेवली. अर्जदारांचें समाधान यानें झालें नाहीं. तरी चित्र पुसणें आणि तें न पाहणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें त्यांतून उघड झालें.

मे २०१० मध्यें संस्थापक जिमी वेल्स यांनीं भांडारांतील कित्येक चित्रें अश्लील म्हणून स्वतःच काढून टाकलीं. त्यांत जुन्या कलावंतांचीं चित्रेंही गेलीं. मग एवढा गिल्ला झाला कीं वेल्स यांनीं आपले बरेचसे अधिकारच सोडून दिले.

पुढल्या मे महिन्यांत विश्वस्त मंडळानें एक मधला मार्ग सुचविला : वाचकानें स्वतः निवड केली तरच चित्रावर पडदा यावा, आणि एका टिचकीसरशी तो दूरही व्हावा. ऑगस्टमध्यें मतें मागविलीं. सुमारें २४,००० लोकांनीं तीं दिलीं. कौल संमिश्र होता. जर्मन विकिपीडियाच्या लेखकांनीं मात्र आपल्या स्वतंत्र मतदानांत शेंकडा ८६ मतांनीं ही योजना झिडकारली.

वरवर पाहतां हा विरोध हट्टाचा वाटेल. पडदा वाचकाच्याच हातीं असतां कोणाचें काय जातें ? परंतु विरोधकांची दृष्टि अधिक लांबवर पोंचली होती. पडदा ओढण्यापूर्वीं प्रत्येक चित्रावर खूण करावी लागते : हें नग्न, हें हिंसक, हें धर्मास बाधक. ती खूण करणार कोण ? एके ठिकाणीं उघडा दंडही असभ्य. दुसरीकडे देवळाच्या भिंतीवर मिथुनशिल्पें! शिवाय अशी यादी एकदां तयार झाली कीं एखादी शाळा, कंपनी किंवा सरकार तीच उचलून वाचकाला न विचारतां पडदा ओढूं शकतें. अमेरिकेंतील ग्रंथपालांच्या संघानें पुस्तकांवरील असल्या शिक्क्यांना १९५१ सालींच विरोध नोंदविला होता, तो याच धास्तीनें.

जुलै २०१२ मध्यें मंडळानें योजना मागें घेतली. राहिलें तें एक साधें तत्त्व : वाचकाला विनाकारण चकित करूं नये. युद्धावरील लेखांत जखमी देह राहतो. ब्रशाच्या शोधांत मात्र ब्रशच पुढें यावा, म्हणून चित्रांचीं नांवें आणि वर्ग तपासून दुरुस्त करण्याचें किचकट काम स्वयंसेवकांच्या वांट्याला आलें.