तानेगाशिमा बंदुकीचा दस्ता : नळीखाली झाकलेले लाकूड

१/ जपानी बंदुकीची कथा बहुधा लोखंडापासून सुरू होते. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर चिनी जहाजातून पोर्तुगीज उतरले आणि तेथील तरुण सरदार तोकिताका याने त्यांच्याकडून दोन तोड्याच्या बंदुका विकत घेतल्या. याइता किन्बेई या तलवारकाराने नळी घडवली. मागचे तोंड बंद करणाऱ्या पेचाच्या आट्यांनी मात्र त्याला अडवले. कथा नेहमी याच पेचापाशी रेंगाळते. ती नळी ज्या लाकडात बसली, त्याचे नावही कोणी घेत नाही.

२/ ते लाकूड मुख्यतः ‘काशी’, म्हणजे जपानमधील सदाहरित ओक. जड, घट्ट, सहजासहजी न चिरणारे. सुताराच्या रंध्याचा ठोकळा, होडीचे वल्हे, भाल्याचा दांडा हे सारे याचेच. रंध्याच्या ठोकळ्याला आणि बंदुकीच्या दस्त्याला जपानीत शब्दही एकच आहे : ‘दाइ’, म्हणजे बैठक.

३/ इतके कणखर लाकूड कशासाठी? या बंदुकीला खांद्याला टेकवण्याजोगा कुंदा नसतो. आखूड दस्ता गालाशी धरायचा. बाराचा धक्का पेलायचा तो हातांनी आणि बंदुकीच्या वजनाने. त्यात नळीसाठी खोल खोबण, पितळी कळीसाठी आणखी कोरीव जागा. एवढे कोरल्यावर कडेला उरणारे लाकूड अगदी बारीक. मऊ लाकूड तेथे टिकले नसते.

४/ नळी दस्त्यात अडकवली जाई ती बांबूच्या खुंट्यांनी. तलवारीचे पाते मुठीत बसवण्याची रीतही हीच! खुंट्या काढल्या की नळी मोकळी होते आणि तिच्या खालच्या अंगावर कोरलेले लोहाराचे नाव दिसते.

५/ आखूड दस्त्याचे कारण म्हणून सामुराईच्या चिलखताकडे बोट दाखवले जाते : खांद्यावरच्या पाख्यांमुळे कुंदा टेकणार कसा? खुलासा आकर्षक आहे, पण अपुरा. हलक्या चिलखतातले आशिगारू पायदळही याच बंदुका वापरीत. त्यापेक्षा मूळ नमुन्याकडे पाहणे बरे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा व १५११ मध्ये मलाक्का घेतले. जपानला पोहोचलेल्या बंदुका लिस्बनच्या नसून याच आशियाई ठाण्यांत घडलेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. गालाशी धरायचा दस्ता त्या घडणीतलाच. तेव्हा लाकूड जपानचे, पण आकार समुद्रमार्गे आलेला. आणि त्या वाटेवर आपला गोवाही असावा.

६/ पुढे साकाई आणि कुनितोमो येथे बंदूक तीन हातांतून जाऊ लागली : नळीचा लोहार, कळीचा कारागीर आणि दस्ता घडवणारा ‘दाइशी’. संग्रहालयातील पाटीवर बहुधा पहिल्याचेच नाव असते.

७/ यातून एक घोळ संभवतो. आज उरलेल्या बहुतेक बंदुका एदो काळातील, आणि लाकूड लोखंडाआधी झिजते. जुन्या नळीला नंतरचा दस्ता चढवलेला असू शकतो. नळीवरचे नाव वाचून सबंध बंदुकीचे वय ठरवले की चूक झालीच. म्हणून आधी खुंट्या काढाव्यात आणि नळीचे पैलू त्या खोबणीत तंतोतंत बसतात का, ते पाहावे.