पार्सलच्या डब्यापासून पत्र्याचं छप्पर: १:२४ मॉडेल कसं बनवाल?

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीपेक्षा जास्त पाऊस पडतो, म्हणून तिथे उतरती पत्र्याची छपरं दिसतात. आमच्या जुन्या घराचा पत्रा काढून स्लॅब टाकायचं ठरलं, तेव्हा मी आधी मॉडेल केलं.

पत्र्याच्या दोन लाटांमध्ये साधारण ७६ मिमी अंतर असतं. भागिले २४, म्हणजे ३ मिमी. बॉलपेनची रिफिलही जवळपास तेवढीच जाड! रिफिली पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी चिकटवा. जेवणाच्या पार्सलचा अॅल्युमिनियमचा डबा कापून सपाट करा, वर ठेवा आणि एका कडेपासून दुसऱ्या रिफिलने खाचा दाबत जा. किचन फॉइल नको, ती फाटते. कडा धारदार असतात, जपून!

रंगाआधी पॉलिश पेपर घासा. मी आळस केला, रंग सोलून निघाला.

तुमच्या घरी पत्रा असेल, तर शेजारी पट्टी धरून आजच फोटो काढून ठेवा. आमचा पत्रा गेला, मापं मोबाईलमध्ये राहिली.