तेलाच्या हुकुमातला गिअर

भोकरदन तालुक्यातील धावड्याच्या वाटेवर माल वाहणाऱ्या पिकअप दिसतात, त्या बहुधा हाताने गिअर टाकावयाच्या. पण आपोआप गिअर बदलणाऱ्या पिकअपही आता देशात मिळतात. अशी गाडी भर हंगामात गिअर घेईना, की मालक घाबरतो आणि मिस्त्री लगेच पाना उचलतो. त्याने क्षणभर इतिहास आठवावा.

१९०५ साली फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअराने जहाजांसाठी द्रवातून शक्ती पोचविण्याची युक्ती काढली. १९४० च्या ओल्डस्मोबाइल मोटारीत ‘हायड्रा-मॅटिक’ पेटी आली आणि क्लचचे पेडल गेले. आतल्या चकत्या व पट्टे आवळण्याचे काम तेलाच्या दाबाकडे आले. दुसऱ्या महायुद्धात हीच पेटी अमेरिकी रणगाड्यांतही बसली. पुढे हुकूम द्यायला संगणक आला. पण हुकूम बजावते ते तेलच!

तेव्हा तपासही तेलापासूनच सुरू करावा. तेल कमी असले की दाब पडतो. इंजिन ओरडते, गाडी मात्र ओढत नाही. मग गळती शोधावी. तेल काळे पडून करपट वास येत असेल, तर चकत्या जळाल्याचा संशय घ्यावा. तेल ठीक असूनही गिअर धक्क्याने वा उशिरा पडत असेल, तर संगणकातील दोषाची नोंद वाचावी, तारा आणि तेलाच्या वाटा उघडझाप करणारे विजेचे व्हॉल्व्ह तपासावेत. पेटी उघडावी ती सर्वांत शेवटी. कारण एक पेटी विनाकारण खोलली, की हंगामाची कमाई तिच्यातच जाते.

जाणता वैद्य आधी नाडी पाहतो. शस्त्र मागाहून काढतो.