कंपनीची फौज आणि आपलं वडगाव

 वडगाव मावळला आपण सगळ्याच जातो. कुणी सातबारा काढायला, कुणी उत्पन्नाच्या दाखल्याला, कुणी पंचायत समितीत गटाची फाईल द्यायला. त्याच वडगावात १६ जानेवारी १७७९ रोजी एका व्यापारी कंपनीच्या साहेबांनी हरल्याचं कबूल करून तहावर सह्या केल्या. ती कंपनी होती ईस्ट इंडिया कंपनी. व्यापार करायला आलेल्या कंपनीकडे फौज कशी आली, ती आपल्या घाटात कशाला आली, आणि इथं हरूनही शेवटी राज्य तिचंच कसं झालं, हे आज आपण बघू. आम्ही गटांच्या बैठकांमधून हा विषय सांगतो, कारण बचत, कर्ज, ठराव आणि सही यांतलं ज्याला कळतं त्याला ही गोष्ट चटकन कळते.

आधी कंपनी म्हणजे काय ते बघू. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनं लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडे व्यापार करायची सनद दिली. लोकांनी भाग घेऊन पैसे घातले. जहाजं यायची, मिरी, कापड भरून न्यायची, आणि नफा भागीदारांत वाटला जायचा. आपल्या गटातही आपण पैसे घालतो आणि नफा वाटून घेतो. पण आपल्या गटात कर्ज घेणारी आणि कर्ज देणारी एकाच गावात राहते, एका नळावर पाणी भरते. कंपनीचा भागीदार लंडनला, आणि ज्याच्या जिवावर नफा व्हायचा तो इकडे हिंदुस्थानात. जाब विचारायला जायचं कुणाकडे?

मुंबई बेट पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला राजकन्येच्या लग्नात आंदण म्हणून दिलं होतं. राजानं ते १६६८ मध्ये कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकलं. वखार आली की राखण आली. राखणीला शिपाई आले, शिपायांची फौज झाली. आणि फौजेतले बहुतेक शिपाई इथलेच होते. साहेब मूठभर, बाकी आपल्याच मुलखातली माणसं. कंपनी पगार रोख आणि वेळेवर द्यायची, म्हणून माणसं मिळायची. १८०० सालच्या पुढंमागं कंपनीकडे सुमारे दोन लाखांची फौज होती, खुद्द इंग्लंडच्या राजाच्या फौजेपेक्षा मोठी.

एवढा पगार निघायचा कुठून? १७६५ मध्ये बंगालचा सारा वसूल करायचा हक्क कंपनीला मिळाला. तेव्हापासून शेतकऱ्याच्या साऱ्यातून फौज पोसायची आणि त्याच फौजेच्या धाकानं पुढचा सारा घ्यायचा, असं चक्र सुरू झालं. १७७० मध्ये बंगालात भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. आणि १७७१ मध्ये कंपनीनं भागीदारांचा लाभांश वाढवून साडेबारा टक्के केला. पुढच्याच वर्षी कंपनी बुडायला आली आणि सरकारकडे कर्ज मागायला गेली. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता आपल्या भागात येऊ. कंपनीला मुंबईशेजारची साष्टी आणि वसई हवी होती. तिथलं भात, तिथला सारा, तिथली बंदरं. पण तो मुलूख मराठ्यांचा. तो मिळायला वाट सापडली ती पेशव्यांच्या घरातल्या भांडणातून.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यात त्यांचे काका राघोबा म्हणजे रघुनाथराव यांचा हात असल्याचा ठपका आला. नारायणरावांची बायको गंगाबाई तेव्हा गरोदर होती. कारभाऱ्यांनी तिला पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवलं. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी त्या बाळाच्या नावानं कारभार चालवला. यालाच बारभाईंचं कारस्थान म्हणतात. गादी हातची गेली तसे राघोबा कंपनीकडे गेले.

६ मार्च १७७५ रोजी सुरतेला करार झाला. कंपनीनं अडीच हजारांची फौज द्यायची. राघोबांनी तिच्या खर्चाला महिन्याला दीड लाख रुपये द्यायचे, सहा लाखांचे दागिने तारण ठेवायचे, आणि साष्टी, वसई कंपनीला लिहून द्यायची. दागिने गहाण, वर महिन्याचा हप्ता, आणि शेवटी जमीन! सावकाराच्या दारातली ही रीत आपल्याला नवी नाही. मुख्य गोष्ट अशी की जो मुलूख लिहून दिला तो राघोबांच्या एकट्याचा नव्हताच. घरातल्या बाकीच्यांना न विचारता एकानं सही केली, आणि त्या सहीवर परक्याचा हक्क उभा राहिला.

मधल्या काळात लढाया झाल्या, दुसरा तह झाला. पण मुंबईच्या साहेबांना राघोबांना गादीवर बसवायचंच होतं. नोव्हेंबर १७७८ मध्ये फौज मुंबईहून निघाली. सुमारे ३,९०० माणसं आणि सामान वाहायला सुमारे १९ हजार बैल! पनवेलवरून खोपोली, तिथून बोरघाट चढून खंडाळा. आज आपण गाडीत बसलो की घाट कधी चढला ते कळत नाही. त्या बैलांना आणि तोफांना घाट चढताना आठवड्यांमागून आठवडे गेले. वर आल्यावरही तळ दिवसाला मैलभर धड सरकत नव्हता. फौजेचा प्रमुख कर्नल एगर्टन आजारी, त्याच्यासोबत कारभारी म्हणून कारनॅक साहेब.

मराठ्यांकडून महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर होते. तुकोजी म्हणजे आपल्या अहिल्याबाईंचे सेनापती. भिवराव पानशांच्या तोफा होत्या. त्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. घाटातून येणारी रसद तोडायची, डोंगराच्या आडून तोफा डागायच्या, रात्री छापे घालायचे. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं मेला. हा स्टुअर्ट इतका धाडसी की शत्रू असूनही लोकांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. त्याची समाधी वडगावात अजून आहे.

आणि मराठ्यांनी आणखी एक गोष्ट केली. कंपनीच्या वाटेवरचं धान्य आणि चारा जाळून टाकला. ९ जानेवारीला कंपनीची फौज तळेगावला पोचली, तेव्हा गाव ओस आणि जळालेलं. पुणं तिथून फक्त नऊ कोसांवर. पण गरज पडली तर चिंचवड आणि पुणंही जाळायची तयारी आहे, अशी खबर त्यांना लागली.

इथं जरा थांबू या. पौष महिना, संक्रांतीच्या आसपासचे दिवस. मावळात तेव्हा काय असतं हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. भात झोडून कणग्या भरलेल्या असतात, पेंढ्याच्या गंज्या रचलेल्या असतात. वर्षाचं खाणं आणि जनावरांचा चारा म्हणजे तेवढंच. ते जाळायचं आणि पोरं-म्हातारी घेऊन डोंगरात जायचं. लढाईच्या हकिकतीत सरदारांची नावं आहेत, कॅप्टनांची आहेत. रिकाम्या कणगीसमोर उभी राहून पुढच्या पावसापर्यंत घर चालवणारीचं नाव कुठंच नाही. वडगावचा जय महादजींच्या डावपेचांचा आहे, तसाच तो मावळातल्या घरांनी सोसलेल्या उपासाचाही आहे. हे आपण नाही सांगितलं तर कोण सांगणार?

तळेगावात कंपनीचे हातपाय गळाले. ११ जानेवारीच्या अंधाऱ्या रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं आणि गुपचूप माघारी निघाले. पण मराठ्यांना सुगावा लागला. पिछाडीला कॅप्टन हार्टलीचे शिपाई नेटानं लढले, पण वडगावला येईतो सगळी फौज वेढली गेली. अखेर १६ तारखेला तह झाला. १७७३ पासून घेतलेला साष्टी वगैरे सगळा मुलूख कंपनीनं परत करायचा. राघोबांना मराठ्यांच्या हवाली करायचं. बंगालमधून मदतीला निघालेली फौज परत फिरवायची. दोन इंग्रज ओलीस ठेवायचे. या बदल्यात मराठ्यांनी उरलेल्या फौजेला मुंबईला सुखरूप जाऊ दिलं.

आणि मग काय झालं? कारनॅक घाट उतरला आणि बंगालच्या फौजेला परत फिरवायचा हुकूम त्यानं लगेच रद्द केला. मुंबईच्या साहेबांनी सांगितलं, तह करायचा अधिकार या लोकांना नव्हताच. कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनंही तह मानला नाही. लंडनच्या संचालकांनी कारनॅक, एगर्टन आणि त्याच्यानंतर फौजेची सूत्रं घेणारा कॉकबर्न यांना नोकरीतून काढलं. पण साष्टी परत दिली नाही. सुटलेली फौज घरी पोचली होती. कंपनीच्या हातात माणसं राहिली, आपल्या हातात कागद.

गटातल्या शिकणाऱ्या पोरी आम्हाला विचारतात, ताई, वडगावचा तह पाळला गेला असता तर? कंपनीचं राज्य आलंच नसतं का? तर मैत्रिणींनो, साष्टी परत आली असती, मुंबई पुन्हा एक लहान बेट राहिली असती. कंपनीचं पश्चिमेकडचं बळ बरंच कमी झालं असतं. पण बंगालचा सारा तिच्याकडेच होता, त्या पैशावर फौज उभी राहतच होती. आणि आपल्या घरातली भांडणं मिटली नव्हती. दोन वर्षांनी, १७८१ मध्ये, कंपनीची फौज पुन्हा बोरघाट चढून खंडाळ्यापर्यंत आली. मराठ्यांनी तिला पुन्हा मार देऊन खाली लोटलं. तरी १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कंपनीकडेच राहिली.

पुढं राघोबांचे चिरंजीव दुसरे बाजीराव घरच्याच भांडणात पळून कंपनीच्या आश्रयाला गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्यांनी सही केली. कंपनीची सहा हजारांची फौज पदरी ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. बापानं केलं तेच, फक्त आकडे मोठे. घाटातून दोनदा परतवलेली फौज अशी कागदावरून घरात आली. मार्च १८१८ मध्ये लोहगड आणि विसापूर पडले आणि मावळचा सारा कंपनीकडे जायला लागला.

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचं राज्य गेलं, राणीचं आलं. पण १८७४ मध्ये कंपनी मोडीत निघेपर्यंत लंडनच्या भागीदारांना दरवर्षी साडेदहा टक्के लाभांश मिळत होता, आणि तोही हिंदुस्थानच्या महसुलातून.

आज मावळात फौज घेऊन कुणी येत नाही. पण लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत जमिनीला भाव आहे, आणि कागद घेऊन येणारे रोज येतात. जमीन विकावी की ठेवावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आम्ही एवढंच सांगतो की एकट्या भावाच्या सहीवर सगळ्यांची जमीन जाऊ देऊ नका. सातबाऱ्यावर वारस म्हणून आपलं नाव लागलंय का ते बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हा कायदा २००५ पासून आहे. रक्षाबंधनाच्या साडीबरोबर हक्कसोडपत्र पुढं आलं तर घरी नेऊन वाचून घ्या, मग ठरवा. कुलमुखत्यारपत्र देताना कोणकोणते अधिकार देतोय ते एकेक विचारा. आणि कंपनीच्या वतीनं कुणी सही करत असेल, तर त्याला तो अधिकार देणारा कंपनीचा ठराव मागा. आपल्या गटात बँकेत सही करायची तर ठराव लागतो ना? मग त्यांनाही लागतो. वडगावला तो बघितला गेला नाही, आणि पैसे हातात पडायच्या आधी ताबा दिला की काय होतं, तेही वडगावलाच दिसलं.

पुढच्या वेळी वडगावला कामाला जाल तेव्हा सोबत एखादी नात, लेक असेल तर तिला हे सांगा. महादजींचं सांगा, इष्टुर फाकड्याचं सांगा, आणि जळालेल्या कणग्यांचंही सांगा.